चौकशी भलत्याच दिवसाची

आमच्याकडं एखादीचं पोट पडलं की तिला दवाखान्यातून घरी आणायच्या आधीच पंचनामा सुरू होतो. पपई खाल्ली का, ग्रहणात भाजी चिरली का, टँकर आला तेव्हा हंडा हिनंच उचलला होता ना, भावाच्या लग्नाला एसटीनं नांदेडला गेली आणि तो रस्ता कसला, सगळे गचके पोटात बसतात, असं एकेक निघत जातं आणि शेवटी कुणीतरी हळूच पायगुणावर येतं. आरोपी एकटी, साक्षीदार सगळं घर, वरून शेजारच्या दोन मावश्या.

मी संभाजीनगरला आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू डिशमध्ये एकत्र आणायचे, गर्भ इन्क्युबेटरमध्ये पाच-सहा दिवस वाढवायचे, ठरल्या वेळी मायक्रोस्कोपखाली बघायचे, लिहून ठेवायचं आणि त्यातला बरा दिसतो तो डॉक्टरांच्या हातात द्यायचा. पेशंटशी बोलणं हे माझं काम नाही, पण मी चहाला बाहेर आले की पॅसेजमधल्या बाकावरून कुणीतरी उठतंच. कुणी सिल्लोडची, कुणी गेवराईची, सोयाबीनचे पैसे आल्यावर उपचारांची सायकल सुरू केलेली. "मॅडम, खरं सांगा, माझ्याच हातून काही झालं का वो?" आणि मागून सासूबाई, "पाच दिवसाचं चांगलं वाढलं म्हणलात ना तुम्ही, मंग कामून राह्यलं नाही?" बाकावर बसून पाच मिनिटांत सांगता येत नाही असं उत्तर आहे ह्याचं, म्हणून इथं लिहिते. थोडक्यात सांगायचं तर ही सगळी चौकशी भलत्याच दिवसाची चाललेली असते. आठव्या-नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला ठोके दिसत नाहीत तेव्हा कळतं, पण गोष्ट बऱ्याचदा कितीतरी आधी घडून गेलेली असते, हंडा उचलायच्या आधी, एसटीत बसायच्या आधी, टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा उमटायच्या सुद्धा आधी.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली सापडते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, २३ आईची २३ बापाची, हे आता दहावीतल्या पोराला पाठ असतं, पण गंमत बघा, हा आकडा पक्का झाला १९५६ साली. त्याआधीची तीसेक वर्षं जगभरची पुस्तकं ४८ म्हणत होती आणि मोजणाऱ्यांना ४८ दिसत पण होती! जावात जन्मलेल्या जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेवान ह्या दोघांनी स्वीडनमध्ये लुंडला पेशी फुगवून, गुणसूत्रं मोकळी पसरवून नीट मोजली तेव्हा ४६ निघाली. मग तीनच वर्षांत, १९५९ ला, पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि रेमों त्युर्पां ह्यांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये ४७ असतात हे दाखवलं, २१ नंबरचं एक जास्त. पण २१ नंबरवालं बाळ निदान जन्माला येतं. १३ आणि १८ नंबरचं जास्त असेल तर काही जन्मतात पण फार जगत नाहीत. पडलेल्या गर्भांत सगळ्यात जास्त सापडतं ते १६ नंबरचं एक जादा, आणि सगळ्या पेशींत १६ जादा असलेलं बाळ जन्माला येत नाही, त्यामुळं लोकांनी हे नावच ऐकलेलं नसतं. एक कमी असण्याचं तर विचारूच नका. एकुलतं एक एक्स असलेल्या थोड्या मुली तेवढ्या जन्मतात, बाकी कुठल्याही गुणसूत्राचं एकच असेल तर गर्भ बहुतेक वेळा पाळी चुकायच्या आधीच संपतो, बाईला कळत पण नाही.

आता ही संख्या चुकते कधी? इथंच मला दरवेळी थांबावं वाटतं.

बाईची बीजं ती वयात आल्यावर तयार होत नाहीत, ती स्वतः आईच्या पोटात असताना तयार होतात. पाच महिन्यांच्या मुलीच्या गर्भात साठेक लाख बीजं असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होईस्तोवर तीन-चार लाख. आणि प्रत्येक बीज गुणसूत्रं अर्धी करायचं विभाजन तेव्हाच, आईच्या पोटातच, सुरू करतं आणि मधेच थांबतं. पुढं ज्या महिन्यात ते बीज सुटायचं असेल त्या महिन्यात ते विभाजन पुन्हा चालू होतं. म्हणजे ३७ वर्षांची बाई आमच्याकडं येते तेव्हा जे बीज मी सुईनं हाताळते त्याचं काम ती बाई तिच्या आईच्या पोटात असताना सुरू झालेलं असतं, तेव्हा तिची आई कदाचित रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत असेल. तेवढी वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून उभ्या असतात. त्यांना बांधून ठेवणारं कोहेसिन नावाचं प्रथिन तेव्हाच चढवलेलं, नंतर त्याची भरपाई जवळपास होत नाही, गोठ्यातलं दावं वर्षानुवर्षं उन्हापावसात विरत जावं तसं ते विरत जातं. मग जोड्या वेळेआधीच सैल होतात आणि ओढाओढीच्या वेळी दोन्ही एकाच बाजूला जातात किंवा भलतीकडं जातात.

ओढणारी यंत्रणा पण माणसात जरा कच्चीच आहे. गुणसूत्रं दोन बाजूंना नेणारे जे धागे असतात, स्पिंडल म्हणतात त्याला, ते आपल्या बहुतेक पेशींत सेंट्रोसोम नावाच्या ठिकाणाहून निघतात. माणसाच्या बीजात ते सेंट्रोसोमच नसतात. मेलिना शू ह्यांच्या टीमनं २०१५ ला जिवंत मानवी बीजांचं शूटिंग केलं तर हे स्पिंडल उभं राहायला साधारण १६ तास लागतात असं दिसलं, आणि एवढ्या वेळात ते कितीदा डगमगतं. तरुण बाईच्या बीजांतही चुका होतात, पस्तिशीनंतर वाढतात आणि चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त बीजांत संख्या बिघडलेली असते. पुरुषाच्या बाजूनं हे प्रमाण बरंच कमी. हे वाक्य मी पॅसेजमध्ये कधीच उच्चारत नाही, कारण पुढचं कुणी ऐकतच नाही, "बघा, बाईकडूनच असतं" एवढंच गावापर्यंत पोचतं. बाईच्या बीजात चूक होते आणि बाई चूक करते ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घरच्या कोर्टात तो टिकत नाही.

बरं, चुकीची संख्या घेऊन बीज फळलं, तर पुढं काय होतं? माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नवलाचा भाग हा आहे, की पहिले दोन-तीन दिवस काहीच होत नाही.

सकाळी आमचं पहिलं काम असतं फर्टिलायझेशन चेक. शुक्राणू सोडल्यापासून १६ ते १८ तासांनी डिश काढायची, अत्तर-बित्तर न लावता, कमी उजेडात, पटपट, आणि बीजात दोन गोल दिसतात का बघायचं, एक आईच्या गुणसूत्रांचा, एक बापाच्या. दोन दिसले की टू पीएन, नॉर्मल. कधी तीन दिसतात, बहुतेक वेळा दोन शुक्राणू आत शिरलेले असतात, गुणसूत्रं ६९. हे गर्भ आम्ही बाजूला ठेवतो, वापरत नाही. पण गंमत म्हणजे ते पण फुटतात. शुक्राणूबरोबर सेंट्रोसोम येतो, दोन शुक्राणू म्हणजे दोन सेंट्रोसोम, त्यामुळं गुणसूत्रांची ओढाओढ दोनाऐवजी तीन-चार दिशांना होते आणि एका पेशीच्या थेट तीन होतात. वाटणी कशीही. तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही इतके गोजिरे दिसतात की पहिल्या दिवशीची नोंद नसती तर मी त्यांना चांगला ग्रेड दिला असता.

हेच थिओडोर बोव्हेरी ह्या जर्मन माणसानं १९०२ मध्ये सागरी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या गोल काटेरी प्राण्याच्या, अंड्यांवर दाखवलं होतं. एका अंड्यात दोन शुक्राणू घातले की अंडं एकदम चार पेशींत फुटायचं, गुणसूत्रांची वाटणी चौघींत वेडीवाकडी. सुरुवातीचे सगळे टप्पे व्यवस्थित पार, पेशींचा पोकळ गोळा तयार, आणि मग नेमकं शरीर आकाराला यायच्या वेळी बहुतेक सगळे कोलमडायचे. त्या चार पेशी सुट्या करून वाढवल्या तर चौघी चार तऱ्हेनं बिघडायच्या. त्यावरून त्यानं ओळखलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे, नुसती बेरीज जुळून भागत नाही, आणि सुरुवातीच्या फुटीला ह्या कामाची गरज लागत नाही. तेव्हा जीन हा शब्दसुद्धा नव्हता.

झाडांचं मात्र सगळंच वेगळं. आपण अर्धापूरची केळी खातो ती तीन संचांची, ३३ गुणसूत्रांची, म्हणूनच तर बिया नाहीत, आणि एकरच्या एकर उभी असते. माझे वडील परभणीला कृषी विद्यापीठाच्या कापसाच्या प्लॉटवर रोजंदारीनं होते, संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा हे काम त्यांच्या बोटांत बसलेलं. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२, दोघांचा संकर केला तर ३९ चं झाड होतं, ताठ वाढतं, फुलतं, फक्त बोंड धरत नाही. वडील म्हणायचे नुसतीच पऱ्हाटी. माणसात ६९ वाला गर्भ जवळपास नेहमी पोटातच थांबतो. झाडांना ही मुभा कशी काय मिळाली ह्यावर आणखी एक लेख होईल, तो नंतर कधीतरी.

तर पहिले तीन दिवस. फळलेलं बीज फुटतं ते स्वतःच्या गुणसूत्रांच्या हुकमानं नाही, बीजात आईनं आधीच भरून ठेवलेल्या शिदोरीवर फुटतं. प्रथिनं, प्रथिनं बनवायचे निरोप, ऊर्जा, सगळं आधीचं. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, आणि ह्या चार ते आठ पेशींच्या दरम्यान माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुकं बोलायला लागतात. ही वेळ इंग्लंडमध्ये पीटर ब्राउड आणि सहकाऱ्यांनी १९८८ ला दाखवून दिली. त्याआधी गुणसूत्र एक जास्त आहे की कमी, कुणी विचारतच नाही. मोठ्या माणसाच्या पेशीत विभाजनाच्या वेळी एक तपासणी असते, प्रत्येक गुणसूत्र धाग्याला नीट अडकलंय का बघितल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. सुरुवातीच्या गर्भात ही तपासणी फारच ढिली आहे, घोळ झाला तरी पेशी पुढं जाते, आणि घोळ झालेली पेशी स्वतःला संपवते ती व्यवस्थाही अजून जागी झालेली नसते.

त्यामुळं दुसराच एक प्रकार होतो. बीज चांगलं, शुक्राणू चांगला, सुरुवात ४६ नीच, आणि चूक पहिल्या-दुसऱ्या फुटीत. ह्या चुकीचा बाईच्या वयाशी फारसा संबंध नाही. २००९ ला बेल्जियममधल्या लूवेनच्या टीमनं तरुण, पस्तिशीच्या आतल्या बायकांच्या गर्भांतली एकेक पेशी तपासली तर बहुतेक गर्भांत कुठं ना कुठं गडबड, एकाच गर्भातल्या शेजारच्या दोन पेशींचा हिशेब जुळेना. आई-बापाची गुणसूत्रं पहिल्यांदा एकत्र यायची वेळ पण जोखमीची, जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी हे २०२१ ला मुख्यतः गायीच्या बीजांवर बघितलं, कारण ह्या बाबतीत गाय आपल्याला उंदरापेक्षा जवळची. दोन गोलांतली गुणसूत्रं मधल्या सीमेजवळ येऊन गोळा व्हायला पाहिजेत, नाही झाली तर पहिल्याच फुटीत सांडलवंड. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या मामांना बाकी काही नाही पण देवणीची गाय आणि आपण सारखे हे लई पटलं.

आता टाइमलॅप्स आलंय, इन्क्युबेटरमध्येच कॅमेरा, दर काही मिनिटांनी फोटो. चांगल्या गर्भात पहिली फूट पूर्ण व्हायला पाव तास लागतो, मग दोन पेशी दहा-अकरा तास शांत, मग दोघी जवळपास बरोबरच फुटतात. गुणसूत्रांचा घोळ असलेल्यांत हे वेळापत्रक बऱ्याचदा विस्कटतं. एकाच्या थेट तीन पेशी होतात, किंवा एक पेशी फुटते आणि दुसरी बसून राहते, किंवा कडेनं बारीक बारीक तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांत कधी अख्खी गुणसूत्रं निघून गेलेली असतात. पण "बऱ्याचदा" म्हणजे नेहमी नाही. एकच गुणसूत्र जास्त असलेला गर्भ कधी अगदी घड्याळाबरहुकूम चालतो, ह्यामुळं नुसत्या व्हिडिओवरून छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा काही विश्वास नाही.

तिसऱ्या दिवसानंतर खरं कळायला लागतं. स्वतःची जनुकं बोलायला लागली की जास्तीच्या गुणसूत्रावरची शेकडो जनुकंही बोलतात, दीडपट माल तयार होतो, तो घड्या घालून नीट बसवायचा आणि उरलेला मोडून टाकायचा बोजा पेशीवर पडतो, कमी असेल तर गरजेचं काही पुरतच नाही. जिथं वाटणी फारच विस्कटलेली असते ते गर्भ चार-आठ पेशींवरच थांबतात. "काल आठ पेशी होत्या, आज पण आठच आहेत" हा फोन डॉक्टर मॅडम करतात, मी शेजारी उभी असते. पलीकडून पहिला प्रश्न नव्वद टक्के हाच, लाईट गेली होती का. लॅबला यूपीएस आहे, जनरेटर आहे, पण आपल्याकडच्या माणसाला लाईट जाण्याइतकं पटणारं कारण दुसरं नाही.

जे तगतात ते पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतात, आत बाळाच्या पेशींचा पुंजका, बाहेर प्लॅसेंटा, म्हणजे वार, होणारी एकेरी भिंत. आणि सासूबाईंचा प्रश्न इथं येऊन बसतो. पाच दिवसांचं इतकं देखणं होतं, मग? तर १६ नंबर जादा असलेला गर्भ पाचव्या दिवशी पूर्ण देखणा दिसू शकतो. २०२० मध्ये असे गर्भ डिशमध्ये आणखी काही दिवस वाढवून बघितले तेव्हा दिसलं की १६ जादा असला की प्लॅसेंटा होणाऱ्या पेशी पुरेशा वाढतच नाहीत. कारण पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिन ह्या प्रथिनाचं जनुक १६ नंबरवरच आहे, ते जास्त झालं की पेशी वाढायच्या सोडून लवकर प्रौढ होऊन बसतात. २१ जादा असलेले गर्भ त्याच डिशमध्ये चांगले वाढत होते. म्हणजे रुजायला निघालेला गर्भ रुजतो, टेस्ट पॉझिटिव्ह येते, पेढे वाटून होतात, आणि आतली मुळं अपुरी. त्या दिवसांत बाईनं पपई खाल्ली काय आणि माहूरला रेणुकामातेचा डोंगर चढला काय.

मग लोक म्हणतात आधीच टेस्ट करा ना. टेस्ट आहे, पीजीटी-ए. पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या भिंतीतल्या पाच-दहा पेशी काढून गुणसूत्रं मोजायची. रिपोर्टमध्ये मुलगा-मुलगी सांगत नाहीत, सांगता येत नाही, गर्भलिंग निदान बंदीचा १९९४ चा कायदा आहे आणि आपल्या बाजूला तो का लागतो हे २०११ च्या जनगणनेतला बीडचा आकडा, शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८०७ मुली, ज्यानं बघितला त्याला सांगायला नको. काही घरं टेस्टला तयार होतात तीच ह्या आशेनं, आणि नाही म्हटलं की टेस्टचं नाव परत काढत नाहीत.

वय जास्त असेल, वारंवार पडत असेल तर ह्या टेस्टचा विचार करावा. सरसकट सगळ्यांना लावायला मी तयार नाही, एक तर पैसा, दुसरं म्हणजे काढलेल्या पेशी भिंतीतल्या, बाळाच्या पुंजक्यातल्या नव्हेत. काही गर्भ सरमिसळ असतात, थोड्या पेशी बरोबर थोड्या चुकलेल्या, मोझेक. २०१५ मध्ये इटलीत असे मोझेक गर्भ १८ बायकांना सोडले, सहा निरोगी बाळं झाली. पुढच्या वर्षी केंब्रिजच्या माग्दालेना झेर्निका-गेट्झ ह्यांच्या टीमनं उंदरांत दाखवलं की मोझेक गर्भात बाळ होणाऱ्या भागातल्या चुकलेल्या पेशी मरून जातात आणि त्यांची जागा चांगल्या पेशी घेतात, भिंतीतल्या मात्र टिकून राहतात, नुसत्या सावकाश वाढतात. त्या बाई स्वतः चाळिशीत गरोदर असताना त्यांच्याच प्लॅसेंटाच्या तपासणीत गुणसूत्रांची गडबड निघाली होती आणि मुलगा धडधाकट जन्मला, हे त्यांनीच जाहीर सांगितलंय. त्यामुळं "थोडी गडबड" असा रिपोर्ट आला की लगेच टाकून द्या म्हणणाऱ्यांना मी विचारते, बाकीचे किती आहेत शिल्लक? एकच असेल तर जेनेटिक काउन्सेलरशी बोलल्याशिवाय कशावरच सही करू नका.

आणि ज्यांचं आयव्हीएफ नाहीच, आपलं आपलं राहिलं आणि दोनदा पडलं, त्यांच्यासाठी एक कामाचं. पुन्हा असं झालं तर पिशवी साफ करताना निघालेला नमुना गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि तो सलाईनमध्ये पाठवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, त्यातून गुणसूत्रं वाढवून मोजता येत नाहीत, आणि तालुक्याच्या ठिकाणी सवयीनं सगळं फॉर्मॅलिनमध्येच जातं, नाहीतर कचऱ्यात. दुसरं, नवरा-बायको दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातून गुणसूत्रांची तपासणी. वारंवार पडणाऱ्या शंभरातल्या तीन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बसलेले असतात, त्या माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, धट्टाकट्टा असतो, फक्त त्याच्या बीजात नाहीतर शुक्राणूत वाटणी चुकते. तो नवरा पण असू शकतो. बायकोच्या रक्ताची नळी भरून झाली की "माझं कशाला, मला काय झालंय" म्हणून तो बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहतो, त्याला आत बोलवा. हिरव्या बुचाची नळी, थोडंसं रक्त, आणि उपाशीपोटी यायची पण गरज नाही.